'द' कुठं लावायचा?

मराठीच्या बोलींची पहिली मोठी सरकारी पाहणी ज्या ग्रंथात छापली गेली, तो ग्रंथ एका नॉर्वेच्या माणसानं सिद्ध केला आहे. हे सांगितलं की नांदेडच्या आमच्या संध्याकाळच्या कट्ट्यावर दोन प्रकारचे चेहरे दिसतात. एक, 'हे काय नवीन काढलं' असा. दुसरा, नॉर्वे नक्की कुठं आहे हे आठवणारा. पण गोष्ट खरी आहे. जॉर्ज ग्रियर्सन यांनी 1894 मध्ये भारताच्या भाषिक पाहणीचं प्रचंड काम हाती घेतलं आणि ते 1928 मध्ये पुरं झालं. त्यातला सातवा खंड मराठीचा. तो 1905 साली निघाला आणि तो तयार केला स्टेन कोनो या संस्कृत-प्राकृताच्या पंडितानं. त्याचा जन्म 1867 चा, मृत्यू 1948 चा. पुढं तो काही काळ भारत सरकारचा पुराभिलेखतज्ज्ञही होता, आणि नंतर मायदेशी प्राध्यापक झाला.

पाहणीची पद्धत मजेशीर होती. बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट घ्यायची आणि ती प्रत्येक बोलीत सांगून घ्यायची. कोकणातला, वऱ्हाडातला, बस्तरकडचा हलबी बोलणारा, सगळ्यांच्या तोंडी तीच गोष्ट. म्हणजे बोली बदलली तर नेमकं काय बदललं ते शेजारी शेजारी ठेवून बघता येतं. सगळे उधळे मुलगे एका रांगेत उभे राहतात. त्या रांगेत आमचा मुलगा मात्र नाही. हैदराबाद संस्थान या पाहणीच्या कक्षेबाहेर राहिलं होतं, आणि नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर हे सगळं तेव्हा निजामाच्या राज्यात. आमचा उधळ्या कुठं गेला होता नि परत येऊन बापाला काय म्हणाला, हे आमच्या बोलीत कुणी लिहूनच घेतलं नाही.

कोनोचं नाव मला बँकेच्या नोकरीत असताना ठाऊक नव्हतं. ते कळलं निवृत्तीनंतर, तेही इंग्रजी व्याकरणामुळं. आमच्या शेजारची एक मुलगी लातूरच्या एका महाविद्यालयात इंग्रजी घेऊन एम.ए. करते. मूळ गाव मुखेड तालुक्यातलं, शिक्षण दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या नि संस्थेच्या मराठी शाळांत. सुट्टीला आली की दुपारी वह्या घेऊन माझ्याकडं येते. मी कादंबऱ्या लिहितो म्हणून तिला माझ्याबद्दल आदर आहे असं मी समजत होतो. खरं कारण तिनंच सांगितलं. म्हणाली, "काका, तुम्ही बँकेत तीस वर्षं इंग्रजीत पत्रं लिहिली. तुम्हाला 'द' कुठं लावायचा ते ठाऊक असणार."

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तिच्या वहीत वाक्यांचे वृक्ष काढलेले होते, फांद्या फुटलेले, सुबक. वाक्य मात्र एकच, 'जॉन लव्हज मेरी'. चॉम्स्कीचं नाव होतं, व्याख्या होत्या, प्रकार आणि उपप्रकार होते. हे सगळं तिला पाठ होतं आणि परीक्षेत त्याला गुणही मिळाले होते. पण वर्तमानपत्रातल्या चार ओळी इंग्रजीत लिहायला सांगितल्या, की 'द' एक तर गायब व्हायचा नाही तर नको तिथं येऊन बसायचा. शिकवणारे चांगले आहेत, कष्ट घेतात, असं तीच सांगते. अडचण वेगळी आहे. तिच्या सगळ्या अभ्यासक्रमात एकही जागा अशी नाही, जिथं तिला कुणी विचारतं : बाई गं, तुझ्या भाषेत हे काम कोण करतं?

याच सुमाराला माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची सून ऑस्लोहून आली होती. नवऱ्याची नोकरी तिकडं. शाळेत शिकवता यावं म्हणून तिनं तिथल्या विद्यापीठात वर्षभर इंग्रजीचा अभ्यास केला. तिच्या पुस्तकांत एक जाडसर पुस्तक होतं, 'इंग्लिश ग्रामर : थिअरी अँड यूज'. लेखक तिघं, हासेलगोर, ल्युसवॉग आणि योहान्सन. पहिली आवृत्ती 1998 ची. मी ते चाळायला मागितलं आणि चार दिवस परत दिलं नाही. पुस्तक इंग्रजीत, विषय इंग्रजीचं व्याकरण. पण विद्यार्थी नॉर्वेचा आहे हे लेखक क्षणभरही विसरत नाहीत. इथं तुमच्या भाषेत असं असतं, इंग्रजीत असं नाही, म्हणून इथं जपा. हे सारखं चालू. त्यातले योहान्सन हे ऑस्लोचे प्राध्यापक. त्यांनी 1990 च्या दशकात इंग्रजी आणि नॉर्वेजियन मजकूर, मूळ आणि भाषांतर, वाक्याला वाक्य जोडून संगणकावर साठवण्याचं मोठं काम उभं केलं होतं. कोनोच्या उधळ्या मुलाचीच ही नवी आवृत्ती म्हणायची.

मग आम्ही दुपारी तीन भाषा शेजारी मांडायला लागलो. नॉर्वेजियन मला येत नाही. येण्याचं कारणही नाही. पण सुनेनं समजावून सांगितलेलं एवढं स्वच्छ होतं, की ते सांगण्याचा मोह आवरत नाही.

नॉर्वेजियनमध्ये 'द' आहे. फक्त तो नामाच्या शेपटाला लागतो. 'हूस' म्हणजे घर, 'हूसे' म्हणजे ते घर. 'बूक' म्हणजे पुस्तक, 'बूका' म्हणजे ते पुस्तक. म्हणजे तिथल्या पोराला 'द' ही कल्पना आईच्या दुधाबरोबर मिळालेली असते. त्याची चूक वेगळ्या जागी होते. त्याच्या भाषेत 'आयुष्य कठीण आहे' म्हणतानासुद्धा आयुष्याला ते शेपूट लागतं. म्हणून तो इंग्रजीत 'द लाइफ इज हार्ड' लिहितो. आमची मुलगी 'द' विसरते, तो 'द' जास्तीचा घालतो. दोघांनाही शिक्षक तांबड्या शाईनं गोल करून देणार. पण औषध एकच कसं चालेल?

आता मराठीत 'द' नाही, असं आपल्याला शाळेपासून सांगितलेलं आहे. ते खरंही आहे. पण जे काम 'द' करतो ते काम मराठीत कुणीच करत नाही, असं मात्र नाही. हे मला पुस्तकानं शिकवलं नाही, बँकेनं शिकवलं. दोन वाक्यं बघा. 'मी जामीनदार शोधतोय.' आणि 'मी जामीनदाराला शोधतोय.' पहिलं वाक्य कर्ज मागायला आलेल्या शेतकऱ्याचं. त्याला कुणीही चालेल, सातबारा असलेला, सही करणारा. दुसरं वाक्य तीन वर्षांनंतरचं, थकबाकी वसूल करायला निघालेल्या बँकेच्या माणसाचं. त्याला कुणीही चालत नाही, त्याला तोच पाहिजे, जो सही करून गेला तो. पहिल्याचं इंग्रजी 'अ गॅरेंटर', दुसऱ्याचं 'द गॅरेंटर'. एवढ्याशा 'ला'नं केवढा माणूस बदलला!

हे ऐकल्यावर ती मुलगी काही वेळ काहीच बोलली नाही. मग वहीत 'ला' लिहून त्याभोवती तिनं चौकट काढली. अर्थात 'ला' म्हणजे 'द' असं समीकरण मांडता येत नाही, हेही तिच्याच लक्षात आलं. माणूस असला की 'ला' सहज लागतो, वस्तू असली की हात आखडतो. 'मी किल्ली शोधतोय' यात किल्ली कुठलीही नसते, घरचीच असते, आणि तरी 'ला' येत नाही. शिवाय वाक्यातली जागाही बोलते. 'घरात माणूस आहे' आणि 'माणूस घरात आहे' ही दोन वाक्यं एकच आहेत का? पहिल्यात चोराची शंका आहे. दुसऱ्यात माणूस आपल्या ओळखीचा आहे. म्हणजे तिच्या डोक्यात 'द'ची जाणीव आधीपासूनच होती. तिला फक्त कुणी सांगितलं नव्हतं, की तुझ्याकडं हा माल आहे, तो फक्त दुसऱ्या खोलीत ठेवलेला आहे.

माझे वडील निजामाच्या राज्यात उर्दू माध्यमातून शिकले. मराठवाड्यातल्या त्या पिढीला दुसरा मार्गच नव्हता; 1918 साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. वडिलांना म्हातारपणीसुद्धा क्रियापदांच्या गर्दाना घडाघडा येत. कर्त्याला ते फाइल म्हणत, कर्माला मफऊल. मी पाचवीत इंग्रजीला सुरुवात केली तेव्हा त्यांचं इंग्रजी बेतास बात होतं, पण मला ते इंग्रजी वाक्य उर्दूवर नि मराठीवर घासून दाखवायचे. 'अहमदने रोटी खाई, अहमदने पोळी खाल्ली. बघ, दोन्हीकडं क्रियापद पोळीच्या मागं गेलं, अहमदला विचारलंच नाही. आता इंग्रजीत बघ, तिथं पोळीला कुणी विचारत नाही.' मराठवाड्यातल्या घरात तीन-चार भाषा नांदणं ही काही विद्वत्ता नव्हती. देगलूर-बिलोलीकडं तेलुगू, उदगीर-निलंग्याकडं कानडी, बाजारात दखनी. तुलना हा आमच्याकडं रोजचा व्यवहार होता. तो शाळेच्या दारात चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायला लागला, ही नंतरची गोष्ट.

या 'अहमदने पोळी खाल्ली'नं इंग्रजीच्या वर्गात फार घोटाळा करून ठेवला आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण 1836 साली प्रसिद्ध झालं, तेव्हा ते बाविशीचे होते. तेव्हापासून मराठी व्याकरण कधी संस्कृतच्या तर कधी इंग्रजीच्या मापानं शिवलं जात आलं. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्यावर निबंध लिहून वाद घातले, मोरो केशव दामल्यांनी 1911 साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहून तो संसार बराच आवरला. पण शाळेत उतरलं ते एवढंच : कर्तरी म्हणजे ॲक्टिव्ह, कर्मणी म्हणजे पॅसिव्ह. मग पोरगं 'रामाने आंबा खाल्ला' या वाक्याचा प्रयोग ओळखतं, कर्मणी. बरोबर. आणि इंग्रजी करतं, 'द मँगो वॉज ईटन बाय राम'. चूक. तिथं साधं 'राम एट द मँगो'च पाहिजे. इंग्रजीतल्या पॅसिव्हला जवळचं मराठी वाक्य म्हणजे 'आंबा खाल्ला गेला', ज्याला आपण नवीन कर्मणी म्हणतो. 'नवीन' हा शब्दच सांगतो की ही पाहुणी रचना आहे. घरचं कर्मणी आणि इंग्रजीचं पॅसिव्ह यांचं नाव एक लावलं, आणि पिढ्यान् पिढ्या मुलं त्या एका नावावर अडखळून पडतात. बँकेत एकाच नावाची दोन खाती असली की काय होतं, हे मी चांगलं जाणतो.

नॉर्वेच्या मुलाला ही अडचण नाही. त्याच्या इतर खोडी आहेत. त्याच्या भाषेत क्रियापद वाक्यात दुसऱ्या जागी ठाण मांडून असतं. 'आज जातो मी' असंच म्हणायचं, 'आज मी जातो' म्हणायचं नाही. म्हणून तो इंग्रजीत 'यस्टरडे वेंट आय' लिहून मोकळा होतो. प्रश्न विचारायला त्याच्याकडं 'डू' नाही, क्रियापद पुढं ओढलं की प्रश्न झाला : 'स्नाकर दू...', बोलतोस तू. आपल्याकडं 'का' लावला की झालं. 'डू' हा प्राणी दोघांनाही परका. पण मला सगळ्यात गंमत वाटली ती 'ही गो'ची. नॉर्वेजियनमध्ये मी, तू, तो, आम्ही सगळ्यांना क्रियापद एकच, काडीचा फरक नाही. तेव्हा तो 'ही गोज'मधला शेवटचा 'ज' विसरला तर नवल नाही. मराठीत मात्र तो जातो, ती जाते, ते जातं, ते जातात, तू जातोस, तू जातेस. एवढी श्रीमंती. आणि आमची मुलंही तोच 'ज' विसरतात! मला वाटतं, ज्याच्या घरी रोज पंचपक्वान्नं त्याला एका लवंगेची आठवण राहत नाही. शिवाय मराठी मुलाच्या मनात तो 'स' अनेकवचनाचा आहे, 'बुक्स', 'पेन्स'. तो एका माणसाच्या क्रियापदाला का लावायचा, हे त्याला कुणी समजावून सांगितलेलंच नसतं.

शब्दांतही अशाच गमती आहेत. नॉर्वेजियनमध्ये उसनं देणं आणि उसनं घेणं याला एकच क्रियापद, 'लोने'. त्यामुळं त्यांची मुलं इंग्रजीत 'लेंड' आणि 'बॉरो' यांची अदलाबदल करतात. असं आमच्याकडं असतं तर मराठवाड्यातल्या किती शाखा बुडाल्या असत्या याचा मी हिशेब करू शकत नाही. शिकणं आणि शिकवणं यालाही त्यांच्याकडं एकच शब्द चालतो, 'लेरे'. मराठीनं इथं एक 'व' घालून काम भागवलं आहे. शिक, शिकव. कर, करव. इंग्रजीला त्याच कामासाठी दोन वेगळे शब्द किंवा 'मेक', 'गेट' अशी मदतनीस मंडळी लागतात. हा 'व' आमच्या मुलीला इतका आवडला की तिनं त्यावर दोन पानं लिहिली. इंग्रजीच्या वहीत मराठीच्या 'व'वर दोन पानं! त्याला गुण कोण देणार, असं तीच म्हणाली.

इथं कुणी म्हणेल, की नॉर्वेची गोष्ट वेगळी. मान्य आहे. नॉर्वेजियन आणि इंग्रजी एका कुळातल्या चुलतबहिणी. तिकडं 1997 पासून इंग्रजी पहिलीपासून आहे, चित्रपट मूळ आवाजात आणि खाली अक्षरं अशी सवय आहे, घरोघरी इंग्रजी कानावर पडतं. आपल्याकडंही 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी आलं, पण कानावर पडणाऱ्या इंग्रजीचं काय? तुलनेनं सगळं सुटतं असंही नाही. जवळीक स्वतःच खड्डे खणते. त्यांचा 'एव्हेंतुएल्त' म्हणजे 'कदाचित, झालंच तर'. इंग्रजीतला 'इव्हेंच्युअली' म्हणजे 'शेवटी एकदाचं'. दिसायला जुळे, अर्थानं परके. आपल्याकडचं 'हॉटेल' लातूरच्या गंजगोलाईजवळ मिसळ देतं, आणि इंग्रजांचं हॉटेल मुक्कामाला खोली देतं. पण खड्डा कुठं आहे हे ठाऊक असणं आणि त्यात पडून कळणं, यात फरक आहे.

आपण खड्डे दाखवणं का सोडलं? एके काळी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घराघरात होती. ती सगळी मराठी-इंग्रजी अशा वजनकाट्यावरच उभी. पुढं भाषांतर पद्धत मागासलेली ठरली, इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवायचं असं वारं आलं. त्याच्या जोडीला रेन आणि मार्टिन यांचं जाड व्याकरण कपाटात होतंच. त्यातला रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होता आणि कादंबरीकारही होता. त्याची 'ब्यू जेस्ट' 1924 साली आली आणि खूप गाजली. नोकरी करून कादंबऱ्या लिहिणाऱ्याबद्दल मला बंधुभाव वाटणारच. पण त्याच्या व्याकरणात शिकणाऱ्या मुलाला स्वतःची म्हणून एक भाषा आहे, याचा मागमूस नाही. मुलगा जणू मुका जन्मला आणि थेट इंग्रजीच्या वर्गात येऊन बसला.

याची किंमत कोण मोजतं, ते मी काउंटरच्या आतून पाहिलं आहे. मी काम केलेल्या एका शाखेत कर्जाचे कागद इंग्रजीत असायचे. जामीनदाराच्या सहीच्या वर 'जॉइंटली अँड सेव्हरली' असे तीन शब्द. 'एकत्रितपणे आणि स्वतंत्रपणे'. म्हणजे दोघांनी मिळून कर्ज फेडायचं एवढंच नाही, तर एकट्याकडूनही ते सगळं वसूल करता येईल. धाकट्या भावासाठी अंगठा उठवणाऱ्या थोरल्याला हा 'अँड' कुणी उलगडून सांगत नसे. तो समजायचा, 'निम्मं त्याचं, निम्मं माझं'. नोटीस आल्यावर कळायचं. ठेवीच्या पावतीवर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' आणि 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' यातला फरक तर अनेक विधवांना नवऱ्याच्या तेराव्यानंतर कळला. पहिल्यात नवरा-बायको दोघांपैकी कुणीही पैसे काढू शकतो. दुसऱ्यात पहिल्या नावाचा माणूस जिवंत असेपर्यंत दुसऱ्याला हात लावता येत नाही. नवरा सहा महिने दवाखान्यात पडून, पैसे बँकेत, आणि बायको खिडकीशी उभी. व्याकरण हा परीक्षेचा विषय आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या खिडकीशी एक दिवस बसावं.

म्हणून मला वाटतं, की इंग्रजीत एम.ए. झालेल्या मुलामुलींनी दोन भाषांच्या मधला पूल बांधायला शिकलं पाहिजे. तीच मुलं उद्या किनवटच्या नि औशाच्या शाळांत जाणार आहेत. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 17 सप्टेंबर 1994 रोजी सुरू झालं. तारीखही हैदराबाद मुक्तीची, नावही त्या लढ्याच्या नेत्याचं. लातूर जिल्हा त्याच विद्यापीठाकडं आहे. एम.ए.च्या एखाद्या पत्रिकेत इंग्रजी आणि मराठी शेजारी ठेवून शिकवायला नवी इमारत लागत नाही. फार तर एक फळा मधोमध रेघ मारून दुभागावा लागेल.

नॉर्वेबद्दल मला सगळ्यात जास्त हेवा वाटला तो मात्र दुसऱ्याच गोष्टीचा. तो देश शतकानुशतकं डेन्मार्कच्या हाताखाली होता. 1814 नंतरही लिहायची भाषा डॅनिशच राहिली. मग ईवार ओसेन नावाचा एक शेतकऱ्याचा मुलगा गावोगाव हिंडला, बोली टिपल्या, 1848 साली त्यांचं व्याकरण आणि 1850 साली कोश छापला. त्यातून एक नवी लेखनभाषा उभी राहिली आणि 1885 मध्ये त्यांच्या संसदेनं तिला जुन्या भाषेच्या बरोबरीचा दर्जा दिला. त्याआधी 1878 मध्येच ठरलं होतं, की शाळेत शिकवणं शक्य तितकं मुलांच्या बोलीतूनच व्हावं. आजही तिथं दोन लेखनभाषा आहेत आणि बोलताना माणूस आपली बोली सोडत नाही, असं सून सांगते. तिची बर्गनकडची शिक्षिका ऑस्लोच्या वर्गात बर्गनच्याच ढंगात शिकवायची आणि कुणी हसत नसे.

आमची मुलगी लातूरला पहिल्या वर्षी गेली तेव्हा वसतिगृहात पुण्याकडून आलेल्या एका मैत्रिणीनं तिला विचारलं होतं, "तू काय बोलतेस हे? जायले म्हणजे काय?" तेव्हापासून ती वर्गात मराठीसुद्धा जपून बोलते. इंग्रजी येत नाही म्हणून गप्प, आणि मराठी 'शुद्ध' नाही म्हणूनही गप्प.

आता हे 'जायले' बघण्यासारखं आहे. आमच्याकडं 'काय करायलास?' म्हणजे 'काय करतो आहेस?' 'मी जायलो' म्हणजे 'मी जातो आहे', या क्षणी, पाय रस्त्यावर आहेत. मूळ 'जायला लागलो' असावं, त्यातला 'लाग' झिजून गेला. पुस्तकी मराठीत 'जायला लागलो' म्हणजे जाण्याला सुरुवात केली. आमच्याकडं सुरुवात मागं पडली आणि चालू असणं उरलं. म्हणजे इंग्रजीत 'आय गो' आणि 'आय ॲम गोइंग' यांत जो भेद आहे, तो करायला मराठवाड्याच्या बोलीनं स्वतःचं अवजार घडवलं आहे. नागपूरकडं त्याच कामाला 'जाऊन राहिलो' आहे. आणि नॉर्वेजियन? तिथं हे रूपच नाही. 'याय लेसर' म्हणजे 'मी वाचतो'ही आणि 'मी वाचतो आहे'ही. फारच गरज पडली तर ते म्हणतात, 'ती बसते आणि वाचते'. आपल्या 'वाचत बसली आहे'ची ही लांबची बहीण म्हणायला हरकत नाही. म्हणजे इंग्रजीचं चालू वर्तमान ऑस्लोच्या मुलाला मुद्दाम शिकावं लागतं, आणि मुखेडच्या मुलीच्या ते जिभेवर आहे. तिला उलट आवरायला शिकावं लागतं, कारण ती 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' असं नको तिथंही चालू ठेवते.

हे मी तिला सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "म्हणजे काका, हे जायले इंग्रजीच्या वर्गात सांगितलं तर चालतं?" मी म्हटलं, तुझे सर काय म्हणतील ते मला ठाऊक नाही, पण कोनोनं नक्की लिहून घेतलं असतं.

परवा ती आली तेव्हा वहीचं एक पान दुभागलेलं होतं. डावीकडं आजीकडून ऐकून लिहिलेली उधळ्या मुलाची गोष्ट, मुखेडच्या बोलीत. आजीनं ख्रिस्ताची गोष्ट कधी ऐकलेली नव्हती, पण दोन भावांची वाटणी, एकाचं उधळणं आणि बापानं पुन्हा घरात घेणं हे तिला नवीन नव्हतं. तिनं त्यात एक बैलजोडी आपल्या पदरची घातली. उजवीकडं त्याचं इंग्रजी. प्रत्येक 'द'खाली पेन्सिलीनं रेघ, आणि समासात कारण : इथं 'ला' आहे म्हणून, इथं आधी एकदा उल्लेख आलाय म्हणून, इथं बाप एकच म्हणून. तीन ठिकाणी कारणाच्या जागी प्रश्नचिन्ह होतं. त्यातलं एक मला सुटलं. उरलेल्या दोन वाक्यांचा फोटो आम्ही ऑस्लोला पाठवला आहे.